वाक्यातला 'च'

२०१९ सालचा जुलै. ठाण्याहून सुटलेली आमची जलद लोकल भांडुपच्या पुढे रुळांवर थांबली. पाऊस होता, त्यामुळे गाडी थांबण्यात नवल काही नव्हतं. बायकांच्या डब्यात मी दोन्ही बाजूंनी दाबली जाऊन उभी होते. पाच-सात मिनिटं गेली असतील. अचानक छातीत धडधडायला लागलं. हातांची बोटं बधिर झाली, ओठांभोवती मुंग्या आल्या, घसा कोणीतरी आवळतंय असं वाटलं. मनात एकच वाक्य घुमत होतं : 'मी आता इथेच मरणार.' शेजारच्या बाईंनी माझा चेहरा बघून कुणाला तरी उठवलं, मला बसवलं, पाणी दिलं. घाटकोपरला उतरून मी रिक्षानं थेट रुग्णालय गाठलं. ईसीजी निघाला, रक्त तपासलं, सगळं व्यवस्थित होतं. 'काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका,' असं सांगून डॉक्टरांनी मला घरी पाठवलं.

हृदय ठणठणीत आहे हे कळल्यावर सुटका वाटायला हवी होती. घडलं उलटंच. काही झालेलं नसताना असं होऊ शकतं, तर ते केव्हाही होईल, ही धास्ती बसली. दुसऱ्या दिवशी मी बसने गेले. मग जिथे गर्दी असेल ते सगळंच टाळायला लागले. आधी लोकल सुटली, मग लिफ्ट, मग नाट्यगृहातली मधली खुर्ची, मग लग्नाचे हॉल. चार महिन्यांत माझं जग घर, सोसायटीचं फाटक आणि कोपऱ्यावरचं किराणा दुकान एवढ्यावर आलं. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला.

त्या बाईंच्या खोलीत मी जे शिकले, आणि त्यानंतर त्या विषयाचा माग काढत जे वाचलं, ते या लेखात मांडते आहे. यातल्या बहुतेक गोष्टी साध्या आहेत. शाळेत शिकवता येतील इतक्या. त्या आपल्याला कोणी शिकवत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मधला रकाना

पहिल्या भेटीत मॅडमनी मला एक वही करायला सांगितली. तीन रकाने : काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, काय वाटलं. मी म्हटलं, "वाक्य वगैरे काही येत नाही हो. गाडी थांबली की भीती वाटते, एवढंच." त्या म्हणाल्या, "त्या डब्यात तुमच्यासोबत दीडशे बायका होत्या. गाडी सगळ्यांचीच थांबली होती."

गाडी सगळ्यांची थांबली आणि भीती एकटीला वाटली, याचा अर्थ घटना आणि भावना यांच्यामध्ये काहीतरी आहे. हे 'काहीतरी' शोधण्यात दोन अमेरिकी माणसांनी आयुष्यं घालवली.

पहिला अल्बर्ट एलिस. जन्म १९१३, पिट्सबर्ग, वाढला न्यूयॉर्कमध्ये. तरुणपणी तो मुलींशी बोलायला विलक्षण घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःला एक काम नेमून दिलं : ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. काही जणी उठून गेल्या, पण शंभरेक जणींशी तो बोलला. भेटायला यायचं फक्त एकीने कबूल केलं आणि तीही आली नाही. तरीही आकाश कोसळलं नाही, कोणी पोलिसांना बोलावलं नाही, आणि एलिसची भीती गेली. पुढे मनोविश्लेषणाचं रीतसर शिक्षण घेऊन, ते अपुरं वाटल्यावर, त्याने १९५५ च्या सुमारास स्वतःची पद्धत मांडली. आज ती आरईबीटी, म्हणजे मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती, या नावाने ओळखली जाते. तिचा पाया मात्र खूप जुना आहे. गुलामगिरीत जन्मलेला तत्त्वज्ञ एपिक्टेटस एकोणीसशे वर्षांपूर्वी शिकवत असे की माणसाला घटना छळत नाहीत, घटनांविषयीची त्याची मतं छळतात. एलिसने या विचाराला अक्षरांची चौकट दिली. ए म्हणजे घटना, बी म्हणजे तिच्याविषयीची धारणा, सी म्हणजे भावना आणि वागणं. आपण म्हणतो ए मुळे सी झालं. एलिस म्हणाला, मधला बी बघा.

दुसरा ॲरन बेक, फिलाडेल्फियातला मनोविकारतज्ज्ञ. रुग्णाने कोचावर पडून मनात येईल ते बोलायचं, या जुन्या रीतीने तो काम करत होता. एक रुग्ण स्त्री त्याला आपल्या आयुष्यातल्या चटकदार गोष्टी सांगायची आणि सांगताना बेचैन व्हायची. बेकने खोदून विचारल्यावर कळलं, की गोष्ट सांगताना तिच्या मनात दुसराच प्रवाह चालू असे : 'डॉक्टरांना माझा कंटाळा येतोय.' या झटकन येऊन जाणाऱ्या, न तपासलेल्या वाक्यांना बेकने 'आपोआप येणारे विचार' म्हटलं आणि १९६० च्या दशकात त्यांच्यावर बोधात्मक उपचारपद्धती उभी केली. २०२१ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी तो गेला, तेव्हा ही पद्धत जगभर पोचलेली होती.

महाराष्ट्रात एलिसचा विचार रुजवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला, मराठीत लिहिलं, कित्येकांना ही पद्धत शिकवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने हा विवेकाचा विचार व्याख्यानांतून आणि शिबिरांतून चारचौघांत नेला. अंजली जोशी यांनी तर एलिसच्या आयुष्यावर 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली. त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला परका नाही. तो फक्त घरातल्या बोलण्यात उतरलेला नाही.

चार 'च'

माझा मधला रकाना तीन आठवडे जवळजवळ कोरा होता. मग हळूहळू वाक्यं सापडू लागली. पाचव्या भेटीत मॅडमनी वही पुढे ओढली आणि लाल पेनने काही अक्षरांभोवती गोल काढले. सगळ्या गोलांत एकच अक्षर होतं : च.

'मला हे जमलंच पाहिजे.' 'गाडी थांबली की संपलंच.' 'ही धडधड मला सहनच होत नाही.' 'मी भित्रीच आहे.'

एलिसने माणसाला छळणाऱ्या धारणांचे जे चार प्रकार सांगितले, ते चारही या चार वाक्यांत होते. पहिला हट्ट : अमुक झालंच पाहिजे, तमुक व्हायलाच नको होतं. दुसरा, वाईटाचा प्रलय करणं : आता सगळं संपलंच. तिसरा, स्वतःच्या सोसण्याच्या ताकदीला नाकारणं : सहनच होत नाही. चौथा, एका कृतीवरून अख्ख्या माणसावर शिक्का मारणं : मी मूर्खच, तो स्वार्थीच. यातला पहिला हट्ट हा बाकीच्या तिघांचा जनक, असं एलिसचं म्हणणं होतं. इंग्रजीत तो दाखवायला वेगवेगळे शब्द लागतात. आपल्याकडे एक अक्षर ते काम करतं.

"आता 'च' खोडा आणि वाक्य पुन्हा लिहा," मॅडम म्हणाल्या. मी लिहिलं : 'मला हे जमावं असं मनापासून वाटतं. नाही जमलं तर वाईट वाटेल. गाडी थांबणं त्रासाचं आहे. धडधड सहन करायला जड जाते. त्या दिवशी मी घाबरले होते.'

ही वाक्यं गोड नाहीत, हे मला लिहितानाच जाणवलं. 'सकारात्मक विचार करा' असं जे आपल्याला येता-जाता ऐकवलं जातं, त्यापेक्षा हे फार वेगळं आहे. इथे कुणी सांगत नाही की सगळं छान होईल. सांगणं एवढंच की इच्छा हवी तेवढी तीव्र ठेवा, तिचा हुकूम करू नका. दहावीतल्या मुलीला चांगले मार्क मिळावेत असं आईला वाटणारच. 'मिळालेच पाहिजेत' म्हटलं की आईची झोप जाते आणि मुलीचीही.

'च' पकडल्यावर त्याच्याशी वाद घालायचा असतो, त्याचेही तीन प्रश्न आहेत. याला पुरावा काय? मला हवंसं वाटतं म्हणून ते घडायला बांधील आहे, हे तर्काला धरून आहे का? आणि हे मानत राहिल्याने माझं भलं होतंय का? हे प्रश्न तोंडपाठ होऊन उपयोग नसतो. प्रत्येक वाक्याला ते पुन्हा विचारावे लागतात, कंटाळा येईपर्यंत.

एलिसचा आणखी एक भेद मला मराठीतच नीट कळला. तो म्हणायचा, काही क्लेशदायक भावना निरोगी असतात आणि काही रोगट. धोका दिसल्यावर सावध होणं निरोगी. धोक्याच्या कल्पनेनेच गळून जाणं रोगट. आपण एकाच नामाला दोन क्रियापदं लावून हा भेद रोज करतो. काळजी 'करणं' आणि काळजी 'घेणं'. आजारी सासऱ्यांच्या उशाशी बसून रात्रभर 'काय होईल' म्हणत राहणं म्हणजे काळजी करणं. औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावणं म्हणजे काळजी घेणं. पहिलीत सगळी शक्ती डोक्यात खर्च होते, दुसरीत ती हातांत येते. त्या दिवसानंतर मी वहीत रोज रात्री एक ओळ लिहू लागले : आज कशाची काळजी केली, आणि त्यातली किती घेता आली.

'टेन्शन'च्या झाकणाखाली

तिसऱ्या रकान्यातही माझी चूक होत होती. 'काय वाटलं' या शीर्षकाखाली मी लिहीत असे : 'साहेब माझ्यावर नाराज आहेत असं वाटलं.' मॅडम म्हणाल्या, "हा विचार झाला. याची जागा मधल्या रकान्यात. भावना एका शब्दात सांगा." मराठीत 'वाटणं' हे क्रियापद विचारालाही चालतं आणि भावनेलाही. 'मला वाटतं पाऊस येईल' आणि 'मला भीती वाटते' यांत फरक आहे, पण बोलताना आपण तो विसरतो. मग अंदाजाला अनुभवाचं वजन येतं. 'मला तसं वाटलं' म्हटल्यावर ते खरंच असणार, असं धरून आपण चालतो.

एक शब्द शोधताना माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे एकच शब्द उरला होता : टेन्शन. परीक्षेचं टेन्शन, सासूबाईंच्या ऑपरेशनचं टेन्शन, पाहुणे येणार म्हणून टेन्शन. आणि आपल्या भाषेत काय नाही? हुरहुर, धाकधूक, धास्ती, घालमेल, तगमग, तळमळ, वैताग, चीड, संताप, खंत, हळहळ, रुसवा, उबग. शरमणं निराळं, ओशाळणं निराळं. आजीच्या तोंडी हे सगळे शब्द असायचे. मी त्यांच्यावर एकच झाकण घालून ठेवलं होतं.

शब्द नेमका असण्याचा उपयोग फक्त लेखकाला होतो असं नाही. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना रागीट, घाबरलेले चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव द्यायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची खळबळ कमी झाली. नाव दिलं की भावना नाहीशी होत नाही, तिचा आवाज उतरतो. शिवाय नाव कळलं की पुढची वाट कळते. खंत असेल तर माफी मागता येते. चीड असेल तर कुठली तरी सीमा ओलांडली गेली आहे, ती सांगता येते. उबग असेल तर विश्रांती हवी. 'टेन्शन'वर मात्र 'घेऊ नको' यापलीकडे उत्तरच नसतं.

भावनांविषयी आणखी एक कामाची गोष्ट मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्त्रीची. भावनांच्या तीव्र लाटांत बुडणाऱ्या, स्वतःला इजा करून घेणाऱ्या माणसांसाठी तिने उपचारपद्धती घडवली. आपण स्वतः किशोरवयात अशाच अवस्थेत मनोरुग्णालयात होतो, हे तिने २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. तिचं एक साधन म्हणजे उलट कृती. प्रत्येक भावना आपल्याला एका दिशेला ढकलते. भीती पळायला लावते, दुःख अंथरुणात कोंडतं, लाज मान खाली घालायला लावते. भावना प्रसंगाला धरून नसेल, तर ती ढकलेल त्याच्या उलट दिशेला, अर्धवट नाही तर पूर्ण मनाने, पाऊल टाकायचं. माझ्या बाबतीत ते पाऊल ठाणे स्टेशनकडे जाणार होतं.

एका वेळी एक पायरी

त्याआधी शरीराचं गणित समजून घ्यावं लागलं. भीती वाटली की श्वास उथळ आणि जलद होतो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. बोटं बधिर होणं, ओठांना मुंग्या येणं, गरगरणं हे त्यातून येतं. म्हणजे ज्या खुणांना मी मरणाच्या खुणा समजत होते, त्या माझ्याच श्वासाने निर्माण केल्या होत्या. डेव्हिड क्लार्क या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हे वर्तुळ मांडलं : शरीरात काहीतरी जाणवतं, मन त्याचा भयंकर अर्थ लावतं, त्याने भीती वाढते, भीतीने ती जाणीव वाढते. भीतीचा असा झटका साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि मग उतरू लागतो. मला हे कधी कळलंच नव्हतं, कारण शिखर येण्याच्या आत मी दर वेळी पळ काढत होते. पळाल्याबरोबर हायसं वाटायचं, आणि ते हायसं वाटणंच पुढच्या भीतीचं खत ठरायचं.

(इथे एक सांगायलाच हवं. छातीत दुखणं, धडधड, दम लागणं यांची आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. हृदय, थायरॉइड, रक्तातली साखर हे बघितल्यावरच मनाकडे वळायचं.)

जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरने १९५८ मध्ये भीतीची उतरंड लावून ती खालून वर चढायची पद्धत मांडली होती. आम्ही माझी उतरंड कागदावर लिहिली. सर्वांत खाली : दुपारी दोन वाजता ठाणे स्टेशनवर जाऊन बाकावर अर्धा तास बसणं. मग रिकाम्या धीम्या लोकलने मुलुंडपर्यंत, एकच स्टेशन. मग भांडुप. मग कुर्ला. मग दादर. मग दादरपर्यंत जलद गाडीने. सर्वांत वर : सकाळी साडेआठची गर्दी.

नियम दोन. भीती वाढली तरी उतरायचं नाही, ती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. आणि एक पायरी कंटाळवाणी होईपर्यंत पुढची चढायची नाही. पहिल्या दिवशी बाकावर बसून मी शून्य ते दहा असे आकडे वहीत मांडत होते. आठ, आठ, नऊ, सात, सहा, चार. समोरून गाड्या येत होत्या, जात होत्या. अर्ध्या तासाने मी उठले तेव्हा गुडघे थरथरत होते आणि मनात बऱ्याच महिन्यांनी जागा झाल्यासारखं वाटत होतं. नाहूर ओलांडायला मला तीन आठवडे लागले. श्वासाचा व्यायामही होता : चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. पण मॅडमनी बजावलं होतं, "भीती घालवायला श्वास मोजू नका. भीतीसोबत बसता यावं म्हणून मोजा."

गोव्यातली आरोग्य केंद्रं

मला समुपदेशक मिळाल्या, कारण मी ठाण्यात राहते आणि फी देऊ शकत होते. निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. तज्ज्ञांची संख्या पाहता ही दरी एवढ्यात भरणार नाही.

म्हणून गोव्यातलं काम मला फार मोलाचं वाटतं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे 'संगत' ही संस्था सुरू केली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक करायचं, हा तिचा प्रयोग. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर केलेल्या त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात आले. अर्ध्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत सहा ते आठ भेटींचं समुपदेशन मिळालं, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

त्या भेटींचा गाभा कृती हा होता. नैराश्यात माणूस म्हणतो, बरं वाटलं की उठेन. पण न उठल्याने बरं वाटायच्या संधीच संपतात. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी छोटं काम ठरवायचं, ते कधी आणि कुणासोबत करायचं हे लिहायचं, मन तयार असो वा नसो ते करायचं, आणि नंतर कसं वाटलं ते नोंदवायचं. अंगणात दहा मिनिटं चालणं, बहिणीला फोन, बंद पडलेलं शिवणयंत्र पुसून ठेवणं. काम एवढंच. मन कामाच्या मागून येतं.

झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आरोग्य केंद्रांच्या आवारातल्या बाकांवर आजीबाईंना समुपदेशक म्हणून बसवलं. त्या आजी 'डिप्रेशन' म्हणत नाहीत. 'कुफुंगिसिसा' हा शोना भाषेतला शब्द त्या वापरतात. अर्थ : फार विचार करणं. माणूस ज्या शब्दांत कुढतो त्याच शब्दांत त्याच्याशी बोललं, की मदत आत पोचते, हे मला त्या बाकांवरून कळलं.

भांड्याला भांडं

माझी भीती उतरू लागल्यावर मॅडमनी एक प्रश्न विचारला. "घरात कसं चाललंय?" मी रडले. त्या चार महिन्यांत नवऱ्याशी माझं बोलणं जवळजवळ भांडणातूनच व्हायचं. एका रात्री त्याला यायला साडेअकरा झाले आणि फोन लागत नव्हता. दार उघडताच मी म्हणाले, "तुला माझी पर्वाच नाही." तो म्हणाला, "मी काय मुद्दाम केलं? मीटिंग होती. तू ना, प्रत्येक गोष्टीचा बाऊच करतेस." पुढचे तीन दिवस आमचे निरोप मुलीमार्फत चालले. 'बाबांना सांग, जेवायला वाढलंय.'

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना बोलतं करून, त्यांच्या नाडीचे ठोके मोजत, अनेक वर्षं त्यांचे वाद अभ्यासले. नातं पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी वेगळ्या काढल्या : तक्रारीऐवजी माणसावरच टीका, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि भिंतीसारखं गप्प होणं. चौथ्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, अबोला. आमच्या त्या एका रात्रीच्या वाक्यांत आणि नंतरच्या तीन दिवसांत चारही सवयी होत्या. यांतली तुच्छता सर्वांत घातक, असं गॉटमन सांगतात. डोळे फिरवणं, नक्कल करणं, 'तुमच्या घरचं वळणच तसं' म्हणणं, हे सगळं जखम करतं आणि ती सहज भरून येत नाही.

उपायही त्यांनी साधे सांगितले आहेत. भांडण ज्या सुरात सुरू होतं, बहुधा त्याच सुरात संपतं. म्हणून सुरुवात मवाळ करायची. मार्शल रोझेनबर्ग यांच्या संवादपद्धतीचा क्रम इथे उपयोगी पडतो : काय घडलं, मला काय वाटलं, मला कशाची गरज होती, आणि माझी विनंती काय. मी माझं वाक्य पुन्हा लिहिलं. "साडेअकरापर्यंत तुझा फोन लागला नाही तेव्हा मी फार घाबरले. तू ठीक आहेस एवढं मला कळायला हवं होतं. उशीर होणार असेल तर एक मेसेज टाकशील?" यात 'तू' आहे, पण तू 'कसा' आहेस हे नाही.

दुसरी गोष्ट, ठोके. वादात नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की समोरच्याचं काही आत शिरत नाही. तेव्हा थांबायचं, निदान वीस मिनिटं. अबोला आणि हे थांबणं यांत फरक एका वाक्याचा आहे : "मला आत्ता बोलता येणार नाही, अर्ध्या तासाने बसू." आणि अर्ध्या तासाने खरंच येऊन बसायचं. अबोल्यात परत यायची वेळ सांगितलेली नसते, दुसऱ्या माणसाला तेच खातं.

तिसरी, ऐकून घेणं. माझ्या नवऱ्याला वाटायचं की 'तुला भीती वाटली असणार' म्हटलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल. समोरच्याची भावना समजल्याचं सांगणं म्हणजे त्याचं म्हणणं मान्य करणं नव्हे, हे आम्हा दोघांनाही शिकावं लागलं. मवाळ वाक्य मी पहिल्यांदा त्याला म्हणून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मलाही भीती वाटत होती. तू घरातच बसायला लागलीस, मला काय करावं सुचत नव्हतं." इतक्या महिन्यांत हे वाक्य आमच्या घरात बोललं गेलं नव्हतं.

मर्यादा, आणि मदतीचे रस्ते

या कल्पनांचा एक गैरवापर मला सतत दिसतो. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला 'तू तुझा विचार बदल' असं सांगितलं जातं. हे उपचार नव्हेत, अन्याय आहे. मतभेद आणि हिंसा या दोन गोष्टी आहेत. हिंसा असेल तिथे आधी सुरक्षितता, मग बाकी सगळं. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्यासाठी आहेत. एलिस ज्याला 'स्वीकार' म्हणतो, म्हणजे घडलं ते घडलं हे मान्य करणं, तोही सहन करत बसायला सांगत नाही. 'हे असं व्हायलाच नको होतं' या आगीत जळणारा माणूस हातपाय हलवू शकत नाही. 'हे झालं आहे, ते वाईट आहे, आता मी काय करू' असं म्हणणारा तक्रार अर्ज लिहू शकतो.

वहीचीही मर्यादा आहे. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, कामावर जाणं अशक्य झालं, जगणं नको वाटू लागलं, तर वही बाजूला ठेवून माणसाकडे जायचं. औषधं लागली तर घ्यायची. माझ्या परिचयातल्या कित्येकांना औषधांनी उभं केलं, मग वही उघडता आली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे उपचार मिळणं हा आपला हक्क मानला आहे. केंद्र सरकारची 'टेलि मानस' सेवा २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू आहे, आणि मराठीतून बोलता येतं.

मी सकाळी साडेआठच्या लोकलची पायरी २०२० च्या फेब्रुवारीत चढले. पुढच्याच महिन्यात लोकल सगळ्यांसाठीच बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्यावर मला खालच्या दोन पायऱ्या परत चढाव्या लागल्या, पण वाट माहीत होती.

शेवटच्या भेटीला मी वहीचं शेवटचं पान मॅडमसमोर ठेवलं. सवयीने त्यांनी लाल पेन काढलं. पानावर दोन वाक्यं होती : 'गाडी कधीतरी मध्ये थांबणारच. भीती येणारच.'

त्यांनी दोन्ही वाक्यं वाचली. मला वाटलं, आता गोल पडणार. गॉटमन यांच्या अभ्यासात जोडप्यांमधले जवळजवळ ६९ टक्के मतभेद कधीच सुटत नाहीत, असं आढळलं होतं. सुखी जोडपीही ते आयुष्यभर सोबत वागवतात. त्या आकड्याने मला आधी निराश केलं होतं, नंतर धीर दिला. तसंच काहीसं त्या पानावर लिहिताना मनात होतं. हुकूम सोडणारा 'च' आणि जगाची रीत मान्य करणारा 'च' दिसायला सारखेच असतात.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि वही मला परत दिली. मी ती पिशवीत घातली आणि चालत स्टेशनवर आले.